शिरोळ तालुक्यातील उपग्रहीय उंचीमापन आणि पूररेषा

जयसिंगपूर परिसरातील सपाट पूरमैदानाची उंची उपग्रह प्रतिमांवरून ठरविण्याचा प्रश्न २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांमुळे महत्त्वाचा ठरला आहे. जयसिंगपूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील शहर असून कृष्णा व पंचगंगा यांचा संगम याच तालुक्यात नृसिंहवाडी येथे होतो.

पद्धत व मर्यादा

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी प्रक्षेपित केलेल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते. एक पुढे २६ अंशांनी, दुसरा मागे ५ अंशांनी कललेला. एकाच जागेच्या या दोन प्रतिमांतील फरकावरून उंची काढली जाते. त्यावर आधारित 'कार्टोडेम' या प्रतिमानात उंचीतील चूक दहापैकी नऊ ठिकाणी ८ मीटरांच्या आत असणे अपेक्षित आहे. डोंगराळ मुलखात हे पुरेसे ठरते, शिरोळमध्ये नाही. जवळच सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. हा सारा चढ चार मीटरांहूनही कमी आहे. सपाट भूभागात चूक कमी राहते हे खरे, तथापि घर बुडते की वाचते हे येथे एखाद्या मीटरवर ठरते.

अंटार्क्टिका व ग्रीनलंडच्या हिमस्तरांची उंचीही याच तत्त्वाने मोजतात. तेथे एकसारख्या पांढऱ्या बर्फावर दोन प्रतिमांतील समान बिंदू जुळविणे अवघड जाते. शिरोळमधील अडचण उसाची आहे: प्रतिमेत उभ्या पिकाचा माथा मोजला जातो, जमीन नव्हे. रडार उपग्रह ढगांआडूनही पाण्याचा विस्तार दाखवितात. खोली मात्र दाखवीत नाहीत.

अलमट्टीचा वाद

कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये मुभा दिली. २०२५ मध्ये महाराष्ट्राने या वाढीस विरोध दर्शविला. वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुरासाठी अलमट्टीला कारणीभूत धरले नव्हते. वाढीव पातळीचा परिणाम हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी उंचीची आकडेवारी निर्णायक ठरते. धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात, तर कार्टोडेममधील उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून असते. या भागात दोहोंत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो. तो न वजा करता काढलेली तुलना कोणत्याही बाजूने केली तरी निरर्थक ठरते. पूररेषेसाठी विमानातून केलेले लेसर सर्वेक्षण आणि जमिनीवरील पक्के उंचीबिंदू अधिक विश्वसनीय मानले जातात.