नुसते ‘गरम’ पुरे नाही



आपल्या वर्गातल्या मुलांना विचारून पाहा. चहा कसा आहे? ‘गरम.’ आज हवा कशी आहे? ‘गरम.’ तव्याला बोट लागले, काय झाले? ‘गरम लागलं.’ आणि खूप राग आला तर? इथे मराठी संपते व इंग्रजी सुरू होते. माझ्या मते ही उणीव ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांपेक्षा मोठी आहे.

आधी हवेचे बघू. तोआ पायोह या नावाचा अर्थच ‘मोठी दलदल’. ‘तोआ’ म्हणजे होक्किएन भाषेत मोठे, आणि ‘पायोह’ हे दलदलीच्या मलय शब्दावरून आले. विषुववृत्त येथून दीडशे किलोमीटरही दूर नाही. अशा दमट हवेसाठी मराठीत नेमका शब्द आहे : ‘उकडतंय’. कुकरात बटाटे उकडतात, तसेच आपण! नागपूरचे मे महिन्यातले कोरडे ऊन मात्र भाजून काढते. तिथे झळा लागतात, माणूस होरपळतो.

आता स्वयंपाकघरात या. पोळी भाजतात. लक्ष नसले तर ती करपते, आणखी दुर्लक्ष झाले तर जळते. गरम दुधाने जीभ पोळते. तव्याचा चटका बसतो. शेगडीची धग लागते. गोष्टी सहा, शब्दही सहा. आमच्या संगणकाच्या कामात सहा वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिले, तर प्रोग्रॅम गोंधळलाच म्हणून समजा. मुलांचेही तसेच होते.

हेच शब्द पुढे मनात शिरतात. मित्राला बक्षीस मिळाले, आपल्याला नाही, की जळफळाट होतो. अन्याय पाहिला की तळपायाची आग मस्तकात जाते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पिके करपली, आणि त्याची झळ शेत नसलेल्यांनाही लागली. जवळचे माणूस अचानक गेले की मनाला चटका लावून जाते. ‘ताप’ अंगात असतो, डोक्यालाही होतो. ‘संताप’ आणि ‘पश्चात्ताप’ त्याचेच भाऊबंद. पण सगळीच उष्णता वाईट नसते. आजीच्या कुशीत ऊब असते. सिंगापुरात थंडीच नाही, मग ऊब कशी शिकवायची? वातानुकूलित वाचनालयात दोन तास कुडकुडून बाहेर आल्यावर अंगाला पहिल्यांदा जे बरे वाटते, ती ऊब.

शेजारच्या भाषांतही असेच आहे. मलयमध्ये ‘पानास’ म्हणजे गरम आणि ‘पानास हाती’, म्हणजे तापलेले मन, हा राग. आपली काही मुले स्पॅनिश शिकतात. तिथे ‘तेंगो कालोर’, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे उष्णता आहे’, हे ती मन लावून पाठ करतात. ‘मला उकडतंय’ मात्र कोणी पाठ करून घेत नाही.

येथल्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू या भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. मराठी त्यात नाही. ‘गुण मिळत नाहीत, मग उपयोग काय?’ असे काही पालक विचारतात. परीक्षेत नसलेली भाषा घरातल्या बोलण्यावरच जगते. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की राग, हेवा, अपमान, ओढ याच गोष्टी त्याच्या मनात असतात. त्यांना मराठी शब्द नसतील, तर मराठी उरेल ती फक्त ‘जेवायला चल’ आणि ‘पंखा बंद कर’ यांपुरती. आणि गावाकडच्या ज्या आजीला इंग्रजी येत नाही, तिला फोनवर नातवाकडून ‘बरा आहे’ एवढेच ऐकू येईल.

फळे, रंग, आकडे लहानांना हवेतच. पण आठ वर्षांवरील मुलांना दर आठवड्याला असा एक तरी शब्द द्यावा, आणि तो घरी वापरला जावा, अशी माझी वर्गाला व पालकांना विनंती आहे. आपणही चिडलो तर मराठीत चिडावे. मुले तेच शब्द सर्वांत लवकर उचलतात!

बालमित्रांनो, पुढच्या वर्गाला येताना चार ओळी लिहून आणा : या आठवड्यात घरात काय करपले, कोणाची जीभ पोळली, कोण कोणावर तापले, आणि ऊब कुठे मिळाली?

– एक पालक