अनुभवाचा दाखला

माणूस जन्मला की दाखला मिळतो, मेला की मिळतो. मधल्या काळात त्याने काम केले, याचा दाखला मात्र मागून पाहावा! आपल्या देशात कोणीच काही करीत नाही असे सिद्ध होईल. म्हणजे कागदोपत्री हो.

आमचा भाचा बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात सहा वर्षे खपला. आता त्याला कॅनडा खुणावते आहे. तिकडचे सरकार 2015 पासून 'एक्सप्रेस एन्ट्री' नावाखाली अर्ज घेते. कुशल कामगाराला शंभरात 67 गुण लागतात, त्यात सहा वर्षांच्या अनुभवाचे 15. त्यासाठी साहेबाच्या सहीचे पत्र हवे: हुद्दा, तारखा, कामे, आठवड्याचे तास, पगार. बस्स!

कारखान्याने दिल्या तीन ओळी. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होता, वर्तणूक समाधानकारक, भावी आयुष्यास शुभेच्छा. शुभेच्छांना कॅनडात गुण नाहीत.

"मामा, कामं लिहून द्या म्हटलं तर साहेब म्हणते, आमच्या फॉर्मॅटमध्ये बसत नाही."

आमच्या शाखेत चहाच्या वेळी या विषयावर एकमताने ठराव झाला की, गोऱ्यांचा आपल्यावर विश्वासच नाही. मी विरोधी मत नोंदवले. आयुष्यभर काउंटरवर बसून लोकांना 'कागद आणा' म्हणत आलो, म्हणून मी त्यांची बाजू घेतो असे कोणी म्हणेल. म्हणू दे बापडा! पण कॅनडा विचारते काय? काय केलेस, किती तास केलेस, किती मिळाले. हे तीन प्रश्न तर घरी आमची सौभाग्यवतीही रोज विचारते.

खरी मेख त्या 'तास' शब्दात आहे. 1948 च्या कारखाने कायद्यापासून आठवड्याचे 48 तास आणि वरच्या तासाला दुप्पट मजुरी हा हिशेब चालत आला. त्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे पोराला 'एक्झिक्युटिव्ह' म्हणायचे. साठ तास राबवा, एक्झिक्युटिव्हला कसला ओव्हरटाइम? आता त्याची खरी कामे आणि खरे तास लेटरहेडवर सहीनिशी लिहून द्यायचे, म्हणजे आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा तयार करायचा! फॉर्मॅट कसा सापडेल राजेहो?

मग पोराने पगाराच्या पावत्या जमवायच्या, जुन्या सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र आणायचे आणि पत्र का मिळाले नाही याचा खुलासाही लिहायचा. लपवाछपवी साहेबाची, खुलासा पोराचा!

भाच्यापायी मी त्यांची धंद्यांची यादी चाळली. नोव्हेंबर 2022 पासून तिथे पाच आकडी क्रमांक चालतात आणि दुसरा आकडा पायरी सांगतो. शून्य ते तीन चालतात, पुढचे नाही. बँकेचा कारकून 14201, म्हणजे चौथी पायरी, बाद. हस्तकारागीर 53124, तिसरी पायरी, चालतो! म्हणजे कन्हानकाठच्या आमच्या खाप्यात हातमागावर बसलेला विणकर त्यांच्या लेखी माझ्याहून वरचा. मला हे मान्यच आहे. घरी मात्र अजून सांगितलेले नाही.

पण त्या विणकराला पत्र देणार कोण? सूत दुसऱ्याचे, माग आपला, मजुरी नगावर. त्याला मालक नाही म्हणावे तर स्वतंत्र धंद्याचा पुरावा हवा: उत्पन्नाचे कागद, शिवाय पैसे देणाऱ्याची लेखी साक्ष. स्वतःचे प्रतिज्ञापत्र चालत नाही. बोटांना पडलेले घट्टे तर पाकिटात घालता येत नाहीत.

आणि गंमत म्हणजे लेखी साक्ष असते. सुताच्या व्यापाऱ्याच्या वहीत सगळे असते: किती सूत दिले, किती लुगडी आली, किती मजुरी, किती उचल कापली. उचल कापायची असली की पान लगेच सापडते. त्याच पानाची नक्कल मागितली की शेठजी चष्मा शोधू लागतात.