हिशेबनीसाची चित्रे

बंगळूरच्या कस्तुरबा रोडवर २०२३ साली उघडलेल्या कला व छायाचित्रण संग्रहालयाच्या ठेव्यात काडेपेट्यांवरची लेबले, कापडाच्या ताग्यांवरची चित्रे, रविवर्मा छापखान्यातल्या देवादिकांच्या तसबिरी असे बरेच काही आहे. घरोघरी भिंतीवर दिसणाऱ्या या गोष्टी चित्रसंग्रहात कशाला, असे पाहणाऱ्याच्या मनात येतेच. पण याच जिनसांना आपल्याकडे चित्रकलेच्या दारातून आत घेणाऱ्यांत पहिले नाव भूपेन खक्कर यांचे, आणि ते मूळचे मुंबईचे.

१९३४ चा जन्म. वडील लहानपणीच गेलेले. मुलाने चार पैसे नीट मिळवावेत ही घरची अपेक्षा, त्यामुळे खक्कर चार्टर्ड अकाउंटंट झाले. चित्रकलेचा नाद मात्र सुटेना. १९६२ मध्ये, तिशीला टेकलेले असताना, त्यांनी मुंबई सोडून बडोदा गाठले. तिथेही अर्धवेळ हिशेब लिहिणे चालूच राहिले.

त्याच वर्षी अमेरिकेत अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडून खळबळ उडवली होती. आपल्याकडे सूपचे डबे कुठले? खक्करांनी कॅलेंडरवरचे देव कापून चिकटवले आणि १९६५ मध्ये थेट जहांगीर आर्ट गॅलरीत टांगले. पुढे १९७२ च्या सुमारास त्यांनी ज्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही अशी माणसे रंगवली. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी. या चित्रांत दुकानदाराची थट्टा आहे असे काहींना वाटते. तसे मुळीच नाही. आपल्या छोट्याशा दुकानात एकटाच बसलेला तो घड्याळजी पाहिला, की त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

खरे धाडस १९८१ चे. बाप, मुलगा आणि गाढव ही शाळेतली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. खक्करांच्या चित्रात ती खाली रस्त्यावर घडते आहे आणि गच्चीतून एक विवस्त्र माणूस ती पाहतो आहे. तो माणूस म्हणजे स्वतः चित्रकार. पुरुषांविषयीचे आपले प्रेम ते त्यानंतर चित्रांतून उघडपणे मांडू लागले. तो काळ पाहता, अब्रू, मित्र, गिऱ्हाईक, सगळेच पणाला लागले होते. तरी १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली, हे विशेष.

मुंबईत त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले ते नोव्हेंबर २००३ मध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. म्हणजे जहांगीर गॅलरीपासून चार पावलांवर. अर्धगोल मजल्यांवरून घुमटाकडे चढत जाणाऱ्या त्या इमारतीत लोक चित्रे पाहत होते, पण खक्कर नव्हते. ८ ऑगस्टलाच बडोद्यात त्यांचे निधन झाले होते.

त्यांचे शिंप्याच्या दुकानाचे चित्र इंग्लिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांच्या संग्रहात होते. २०१७ मध्ये लंडनच्या लिलावात ते दहा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. एवढा आकडा त्या हिशेबनिसाने आपल्या कीर्दीत कोणत्या खात्यावर मांडला असता कोण जाणे!