प्रतिकारशक्ती कोणाच्या बाजूने?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याबरोबरच शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोपचार, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘शेक’, सुरू झाला की घरात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे आणि पावडरी येऊ लागतात. त्यामागे माया असते, पण समज अर्धवट असतो.

किरणे कर्कपेशींचा डीएनए तोडतात. मरणाऱ्या पेशींच्या अवशेषांवरून टी-पेशी शत्रू ओळखतात आणि उरलेल्या कर्कपेशींवर चालून जातात. पण जखमी गाठही गप्प बसत नाही. रासायनिक संदेश पाठवून ती मॅक्रोफेज या भक्षक पेशींना बोलावते आणि आपल्या बाजूला वळवते. फितूर झालेल्या या पेशी टी-पेशींना रोखतात, गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. प्रोस्टेटच्या गाठीत टी-पेशी मुळातच कमी असतात. शेक देऊनही काही गाठी पुन्हा वाढतात, त्याचे हे एक कारण. प्रश्न केवळ ताकदीचा नाही, बाजूचा आहे. कोणतीही पावडर ती बाजू बदलते, असे सिद्ध झालेले नाही. उलट गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

महागड्या इम्युनोथेरपीबाबतही सबुरी हवी. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या ७९९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. किरणोपचारानंतर इपिलिम्युमॅब घेणाऱ्यांपैकी निम्मे ११.२ महिन्यांहून अधिक जगले. औषध न घेणाऱ्यांत हा काळ १० महिने होता. हा फरक निर्णायक ठरला नाही. पुढे दीर्घकाळ जगणारे थोडे रुग्ण औषध घेतलेल्यांत अधिक दिसले. ते कोण, हे आधी ओळखणे हेच खरे काम आहे.

खात्रीचा लाभ साध्या गोष्टींत आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अधिक जोखमीच्या २२४ रुग्णांवर चाचणी केली. प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही किरणे दिल्यावर पाच वर्षांनी ९५ टक्के रुग्णांचा पीएसए आटोक्यात होता. फक्त प्रोस्टेटला किरणे दिलेल्यांत ८१ टक्के. दोन्ही गटांना हार्मोनचे उपचार होतेच.

म्हणून शेकाचा एकही दिवस चुकवू नये, हार्मोनचे इंजेक्शन तारखेला घ्यावे, पीएसए तपासत राहावे आणि काढा घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. शासनानेही आपल्या रुग्णांच्या गाठींचे नमुने जपून त्यांतील प्रतिकारपेशींचा अभ्यास करायला हवा. मराठवाड्यातल्या रुग्णाचे उत्तर त्याच्याच गाठीत शोधावे लागेल.