फोटोत नव्हे, कॅमेऱ्यामागे!

गणपती गेले आणि पितृपंधरवडा सुरू झाला की आमच्या सातारा भागात गाड्यांची रांग लागते ती कासच्या रस्त्याला. घटस्थापनेच्या साफसफाईतून एखादा रविवार काढून आपणही सहकुटुंब निघतोच. पण घरी येऊन फोटो बघावेत तर काय दिसतं? तळ्यापुढे आपण, धबधब्यापुढे आपण, कठड्याला टेकून आपण! ज्याच्यासाठी एवढा घाट चढून गेलो ते पाणी मात्र कुणाच्या तरी डोक्यामागे बोटभर. आणि हे फोटो काढणारे कोण? बहुतेक वेळा घरातले पुरुष. आपल्या हातात डब्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि सगळ्यांचे स्वेटर.

म्हणून माझं म्हणणं आहे, मैत्रिणींनो, की या शरदात मोबाइल आपण हातात घ्यावा आणि पाण्याचा फोटो काढावा. नुसत्या पाण्याचा!

‘अगं, त्यात काय एवढं?’ असं म्हणाल. पण होमाई व्यारावाला आठवा. १९१३ साली जन्मलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. सुरुवातीला त्यांची छायाचित्रं छापून यायची ती नवऱ्याच्या नावावर. त्याच होमाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळालं. आपल्याला पद्म पुरस्कार नकोय, पण आपण काय बघितलं हे आपल्या नजरेनं टिपण्याचा हक्क तर हवा ना?

आणि त्यासाठी शरदासारखा ऋतू नाही. श्रावणात नदी गढूळ असते, डोंगर ढगात असतात. आश्विनात गाळ खाली बसतो, पाणी नितळ होतं, आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं दिसतं. सातारा शहराला पाणी देणारा कास तलाव भरलेला असतो. पठारावर तेरडा, सोनकी फुललेली असते, तर कुमुदिनी तळ्यात पांढरी नाजूक फुलं तरंगत असतात. ठोसेघर गर्जत असतं. भांबवलीचा वजराई तीन टप्प्यांत उतरतो आणि तिथूनच उरमोडी नदी वाहायला लागते. पण हे वैभव थोड्या दिवसांचंच. सह्याद्रीतले बरेचसे धबधबे पावसावरच जगतात, दिवाळीनंतर त्यांची धार बारीक होत जाते.

फोटो काढायचं तंत्रही फारसं अवघड नाही. तळ्याचा फोटो हवा तर सकाळी लवकर जावं. वारा पडलेला असतो, त्यामुळे डोंगर पाण्यात जसाच्या तसा उतरतो. दहा-अकरानंतर वाऱ्यानं पाणी हललं की ते चित्र मोडतं. धबधब्याला भर दुपारचं ऊन नको, पांढरं पाणी नुसतं चकाकतं. थोडं ढगाळ असेल तर उत्तम. तुषारांनी मोबाइलची काच ओली होते, म्हणून मऊ सुती फडकं जवळ ठेवावं. एखादं झाड, एखादा दगड चौकटीत येऊ द्यावा, म्हणजे धबधबा किती उंच आहे ते कळतं.

कुणी म्हणेल, फोटोच्या नादात डोळे भरून बघायचंच राहून जातं. खरं आहे. म्हणून आधी दहा मिनिटं नुसतं बसावं. पाण्याचा आवाज ऐकावा. मग दोन-तीनच फोटो काढावेत. पन्नास काढले तर पुन्हा उघडून कोण बघतं?

आता जरा कठोर बोलते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्याजवळ रील करताना एक तरुणी दरीत पडून गेली. हे ऐन पावसाळ्यातलं, पण शरदातही खडकांवर शेवाळ असतं आणि परतीचा पाऊस वर डोंगरात कोसळला तर खाली लोंढा अचानक येतो. ‘अजून थोडी मागे सरक’ म्हणणारा कॅमेरा माणसाला कड्यापर्यंत नेतो. नुसत्या पाण्याचा फोटो घ्यायचा असेल तर कठड्याच्या आतून, दुरूनही चांगला येतो. कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथे फुलांमध्ये पोराला झोपवून फोटो काढतात तेव्हा मला राग येतो. जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीत उगवलेली ती फुलं आपल्या एका बैठकीनं चिरडतात. मुलांना तिथेच थांबवून सांगणं हे आपलंच काम आहे. आईनं टोकलं की मुलं ऐकतात.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फोटो हा पुरावाही असतो. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा त्याचे फोटो सगळीकडे पोचले. पाण्याची तपासणी झाली. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असं निष्पन्न झालं. बघणाऱ्यांनी टिपलं म्हणून सगळ्यांना कळलं.

आमच्या बचत गटातल्या काही जणी गेली तीन वर्षं कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या एकाच पायरीवरून कृष्णेचा फोटो काढतो. हीच कृष्णा महाबळेश्वराहून किती स्वच्छ निघते! गावात येईपर्यंत तिच्यात सांडपाण्याचा नाला मिसळलेला, काठाला जलपर्णी. आम्ही अर्ज घेऊन कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, ‘ताई, दरवर्षी असंच असतं.’ मग आम्ही तिन्ही वर्षांचे फोटो टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्या वर्षी काठाला चिकटलेली जलपर्णी तिसऱ्या वर्षी अर्ध्या पात्रापर्यंत आली होती. ‘दरवर्षी असंच’ म्हणायला जागाच उरली नाही! त्या महिन्यात जलपर्णी निघाली. नाला अजून आहे तिथेच आहे, आणि यंदाचा फोटोही आम्ही काढणारच आहोत.

तेव्हा डोंगरातल्या आवडत्या जागी गेलात की तिथल्या पाण्याचा एक फोटो काढा, आणि आपल्या गावच्या नदीचाही एक. मागे तारीख घाला. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून पुन्हा काढा. पाच वर्षांनी हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की आपल्या मुलींना काही सांगायची गरज पडणार नाही. काय होतं, काय राहिलं आणि आपण काय सांभाळलं, ते त्यांचं त्यांनाच दिसेल.