किराईत कुंडीत लावा, बाटलीत शोधू नका

बदलापुरात आता किराईत म्हणजे काय असं विचारलं, तर लोक आधी मोबाइल काढतात. मग घरपोच पावडर येते, जूस येतो, गोळ्या येतात. झाड मात्र कोणी पाहिलेलं नसतं. माझं भांडण इथूनच सुरू होतं.

आमच्या परसात हे झाड कोणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. कंबरेच्या खाली राहणारं झुडूप. चौकोनी खोड, मिरचीसारखी अरुंद पानं, पांढरी बारीक फुलं नि त्यांवर जांभळट ठिपके. शेंग वाळली की तडकायची, बी आपोआप पडायचं, पुढच्या पावसात रोपं हजर. पान चघळलं की कडूपणा घशातून लवकर जायचा नाही. श्रावणात कुंपणापाशी हाक यायची, "वहिनी, किराईत हाय का चार पानं?" पैशाचा प्रश्नच नव्हता.

आजी आम्हा पोरांना रविवारी अनशापोटी रस द्यायची, वर गुळाचा खडा. "दोन पानं, तिसरं नाय," हे तिचं माप. गरोदर सुनेला तर तिनं कधी हात लावू दिला नाही. आज डॉक्टरही गरोदरपणात हे टाळायला सांगतात. रक्तदाबाची, साखरेची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा, असंही सांगतात. म्हणजे जुन्या बायकांकडे नुसतं झाड नव्हतं, झाडाबरोबर मापही होतं. आपण झाड उपटलं, माप विसरलो आणि 'कडू ते गुणकारी' एवढंच पाठ केलं.

आता बाजाराकडे या. काष्ठौषधीच्या दुकानात काडेचिराईत मागितलं तर काड्या मिळतात. ते खरं झाड हिमालयातलं. आमचं परसातलं हिरवं किराईत वेगळं, त्याचं कूळही वेगळं. पण एकाच्या नावावर दुसरं खपतं. एकदा भुकटी झाली, की त्यात कोणतं झाड आहे हे तुम्ही कशावरून ओळखणार? गुळवेलीचं असंच झालं. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, त्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. कोण बरोबर, हे बाजूला ठेवा. पोटात गेलं ते नेमकं काय, यावरच वाद व्हावा, ही लाजेची गोष्ट नाही का?

दुसरं भांडण आहे ते 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्या शहाण्यांशी. किराईतातल्या अँड्रोग्राफोलाइड या कडू द्रव्यावर जगभर संशोधन चालू आहे. थायलंडने 2020च्या अखेरीस सौम्य कोरोनासाठी हे झाड वापरून पाहायला मंजुरी दिली. त्यावरचा एक अभ्यास मात्र पुढे आकडेमोडीतल्या चुकीमुळे मागे घ्यावा लागला. म्हणजे झाड खोटं नाही, पण जादूचंही नाही.

म्हणूनच ताप आला की किराईतावर बसून राहू नका. आमच्या आळीतला एक माणूस चार दिवस काढा पीत राहिला. पाचव्या दिवशी रक्त तपासलं तर मलेरिया. वाचला, पण महिनाभर अंथरुणाला खिळला. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो सगळेच हजर असतात. सरकारी दवाखान्यात मलेरियासाठी रक्त फुकट तपासतात. आधी तिथं जा. जिभेला चव यावी, भूक लागावी, यासाठी किराईत आहेच.

"पण जागा कुठाय?" असं अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक विचारतात. खरं आहे. उल्हासनगर तर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेलं, तिथं परस कुठला! पण वीतभर खोल कुंडी खिडकीत मावते. मेअखेरीस बी मातीवर पसरा, वर चिमूटभर माती, पाणी शिंपडून द्या. बी हट्टी असतं, रोपं मागेपुढे येतात. कळ्या धरायला लागल्या की फांद्या कापा, सावलीत वाळवा, एक झाड बियांसाठी राखा. वालधुनीच्या काठावरचं, गटाराच्या पाण्यावर वाढलेलं मात्र तोडून आणू नका. कारखान्यांचं सांडपाणी पिऊन वाढलेलं झाड औषध कसलं?

सोसायटीच्या बागांत शोभेची झाडं लावायला पैसे निघतात, आणि किराईत उगवलं की माळी तण म्हणून उपटतो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी ओळख करून दिलेली नाही. तुमच्या नातवाला तरी करून द्या. पान दाखवा, चाखवा आणि माप सांगा. ज्याला झाड ओळखता येत नाही, त्यानं त्याचं औषध घेऊ नये.