मोडीच्या सोन्याचा हिशोब

लग्नसराई तोंडावर आली की घरोघरची कपाटे उघडली जातात आणि मागच्या पिढीचे दागिने बाहेर निघतात. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याच्या भावाने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा गाठला. २००५ साली हाच भाव सात हजार रुपयांच्या आसपास होता. नवे सोने घेणे आवाक्याबाहेर गेल्यामुळे आजीची बोरमाळ किंवा आईच्या पाटल्या मोडून मुलीसाठी नवा दागिना घडवून घेण्याकडे अनेक कुटुंबांचा कल दिसतो. ही गोष्ट समंजसपणाची आहे. मात्र या व्यवहारात ज्या क्षणी खरा हिशोब ठरतो, त्या क्षणी घरचे माणूस बहुधा समोर नसते. आम्हांला आज त्याकडेच लक्ष वेधावयाचे आहे.

घरातील सोन्यावर शासनाची दृष्टी जुनी आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशभरातील असंख्य सोनारांचा रोजगार बुडाला. काहींनी जीवनही संपविले. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० साली रद्द झाला. २०१५ मध्ये घरचे सोने बँकेत ठेवून त्यावर व्याज देणारी योजना सुरू झाली. तिच्यातील मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवी मार्च २०२५ मध्ये बंद करण्यात आल्या. आईचा दागिना वितळवून त्याची पावती घेण्यास लोकांचे मन धजत नाही. तोच दागिना वितळवून लेकीच्या गळ्यात घालण्यास मात्र ते तयार होतात. धातू तोच राहतो आणि घरातच राहतो, हा त्यामागील दिलासा आहे.

परंतु धातू तोच आणि तेवढाच राहतो काय? जुन्या दागिन्यांवर शुद्धतेची मुद्रा क्वचितच असते. मण्यांच्या पोकळीत लाख भरलेली असते आणि प्रत्येक जोडावर हलक्या कसाचा डाख असतो. त्यामुळे मूळ सोने चांगले असूनही वितळवल्यावर त्याचा कस उतरतो. समजा, लाख व खडे काढल्यावर दागिना ४० ग्रॅम भरला आणि त्यात शेकडा ८० भाग शुद्ध सोने आहे. म्हणजे कुटुंबाचे शुद्ध सोने ३२ ग्रॅम. त्यातून २२ कॅरटचा, म्हणजे शेकडा ९१.६ शुद्धतेचा, सुमारे ३५ ग्रॅमचा दागिना होऊ शकतो. आता दुकानदाराने नजरेने किंवा कसोटीच्या दगडावर घासून ८० ऐवजी ७५ टक्के धरले, तर दोन ग्रॅम शुद्ध सोने हिशोबातून नाहीसे होते. २००५ च्या भावाने ही चूक चौदाशे रुपयांची होती. लाखाच्या भावाने ती वीस हजारांची होते. चूक तेवढीच आहे, तिची किंमत मात्र एका कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीएवढी झाली आहे.

आमच्या परिचयातील एका विधवा भगिनीने मुलीच्या लग्नासाठी आपल्या बांगड्या एका पेढीवर दिल्या. "घडणावळीत निम्मी सूट" या पाटीने त्या सुखावल्या होत्या. घरी येऊन पावती वाचल्यावर कळले की घट म्हणून वजा केलेले सोने त्या सुटीपेक्षा पुष्कळ अधिक किमतीचे होते. बांगड्या तोवर वितळून गेल्या होत्या. तक्रार करण्यासारखा पुरावा हाती उरला नव्हता.

कायद्याने ग्राहकाला काही साधने दिली आहेत. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने निरनिराळ्या जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून अशा दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असावा लागतो व तो 'बीआयएस केअर' या ॲपवर पडताळता येतो. शुद्धता कमी आढळल्यास फरकाच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मुद्रा नसलेला जुना दागिनाही मान्यताप्राप्त केंद्रात अल्प शुल्क भरून तपासून घेता येतो. क्ष-किरणांचे यंत्र मुख्यतः पृष्ठभागाचा कस सांगते. म्हणून अनेक जोडांचा दागिना आपल्यासमोर वितळवून, त्याची लगड करून मग तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. कराचाही फरक ध्यानात घ्यावा. जुने देऊन तयार दागिना घेतल्यास नव्या दागिन्याच्या संपूर्ण मूल्यावर कर बसतो. आपलेच सोने देऊन घडवून घेतल्यास तो केवळ मजुरीवर लागू होतो.

या व्यवहारात आणखी एक व्यक्ती आहे, तिचा विसर पडू नये. ठुशीचा एकेक मणी बसविणारा, जंतरातून तार ओढणारा कारागीर काचेच्या झगझगीत दालनात दिसत नाही. मुंबईच्या झवेरी बाजारात बंगालमधून आलेले असंख्य कारागीर अरुंद खोल्यांत काम करतात. अनेकांचे राहणे व झोपणेही तेथेच असते. जोडकामात कॅडमियम वापरण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा त्याची विषारी वाफ त्यांच्याच फुप्फुसांत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सोनारांचा समावेश आहे, हे स्वागतार्ह आहे. तथापि साच्यातून ओतलेल्या व यंत्राने कापलेल्या दागिन्याशी स्पर्धा करताना हातच्या कामाला योग्य मजुरी लाभली नाही, तर निव्वळ प्रशिक्षणाने हा व्यवसाय तरणार नाही.

घडविताना थोडे सोने झिजते, हे खरे आहे. तो कीस कारागीर जपून गोळा करतो. पूर्वी तर सोनाराच्या शेगडीतील राख धुऊन सोने काढणारे झारेकरी असत. म्हणजे घटीतील बराचसा भाग पुन्हा कोणाच्या तरी हाती येतोच. प्रश्न तो कोणाच्या हाती येतो, हा आहे. येथे आपण ग्राहकही निर्दोष नाही. आपण घडणावळीवर घासाघीस करतो आणि घटीबद्दल मात्र विचारीत नाही. उघड मजुरी देण्यास आपण नाखूश असल्यामुळे ती छुप्या वाटेने वसूल होते आणि त्यातील फारच थोडे कारागिराच्या पदरी पडते.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. दागिना मोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र व वजन घरी नोंदवून ठेवा. वितळवणे आणि तपासणी डोळ्यांसमोर होऊ द्या. शुद्ध सोने किती, घट किती आणि मजुरी किती, हे तीन आकडे पावतीवर स्वतंत्र लिहून घ्या. ज्या घरी वडीलधारे एकटे आहेत, तेथे त्यांच्यासोबत शेजारच्या एखाद्या जाणत्या तरुणाने पेढीवर जावे. आणि हातचे काम पसंत असेल तर त्याची मजुरी मोकळेपणाने द्यावी. आजीने आयुष्यभर पै पै साठवून घेतलेले सोने नातीपर्यंत पूर्ण पोहोचावे, आणि ते पोहोचविणाऱ्या हातांनाही त्यांचे मोल मिळावे.